स्वरूपच्या मलमाची वाटणी

पासली, ७ ऑक्टोबर

ती. सुलूआत्यांना शिवानीचा नमस्कार. लिव्हण्यातल्या चुका पोटात घाला. आठवीत शाळा सुटली, आन मोबाईलवर एकेक अक्षर हुडकत टाईप करते, त्यामुळं लई येळ लागतो. फोनवर माझं तोंडच उघडत न्हाई, तुमाला ठाव हाय.

तुमी माझ्या धाकट्या भावाला, स्वरूपला भोरच्या दवाखान्यात इसबाच्या नव्या औषधाच्या चाचणीत घातलं, ते लई बरं झालं. मलम लावल्यापासनं त्याच्या कोपरातली लस सुकली. खाजवून रगात काढायचा, ते थांबलं. पर आत्या, घोळ झालाय. काकू तिच्या पोरीला, नंदीला घिऊन आली. पोरीचे गाल बी तसेच फुटल्यात. काकू म्हणली, जाऊबाई, एका घरातली पोरं, एकानं बरं व्हायचं आन एकानं बघत बसायचं व्हय? आईनं अर्धी नळी वाटीत पिळून दिली. दारी आलेल्याला न्हाई म्हणायची आपली रीत न्हाई, म्हणली.

चाचणी सहा वर्षांवरल्या पोरांची हाय. नंदी अजून दोनाची न्हाई. कालपासनं ती तापलीय. दवाखान्यात नळ्या वजन करून परत घेत्यात. आई म्हणती, उंदरानं कुरतडली म्हणून सांगू, न्हाईतर स्वरूपला काढतील. म्या काय करू?

माया कमी करू नका.
शिवानी

भोर, ७ ऑक्टोबर

चि. शिवानीस आशीर्वाद. तोंड उघडत नाही म्हणतेस, आणि केवढं बोललीस गं.

वहिनीचा हात सढळ, मला का माहीत नाही? पण औषध म्हणजे वाटीभर कालवण नव्हे. काही पोरांना खरं औषध देतात, काहींना नुसताच लेप. कुणाला काय, ते तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. नंदीच्या अंगाला काय लागलं ते आधी कळायला हवं. चाचणीच्या कागदावर नंबर आहे. तूच फोन कर, तू डोळ्यांनी बघितलंयस. स्वरूपला काढतील का? काढतीलही. तुला खोटा धीर देत नाही. आमच्या मधूला टेम्पो घेऊन पाठवतेय, नंदीला आणि काकूला लगेच बसव.

तुझ्या पाठीशी आहे.
सुलूआत्या

पासली, १२ ऑक्टोबर

ती. आत्यांना नमस्कार. गोठ्यामागं जाऊन फोन केला. तिकडली बाई सारखी म्हणायची, मोठ्यानं बोला. मोठ्यानं बोलले तशी आई येऊन हुबी राहिली. मग तिच्या म्होरंच समदं सांगितलं.

नंदीचा ताप घशाचा निघाला, मलमाचा न्हाई. आता खेळती. पर तिच्यासाठी स्वरूपच्या नळीत काय हाय ते दाक्तरांनी चाचणीचं बंद पाकीट उघडून बघितलं. खरं औषध व्हतं. एकदा कळलं की त्या पोराला चाचणीत ठेवता येत न्हाई, म्हणले. दुसरं मलम दिलंय, तपासाय बी बोलावलंय. रागावलं न्हाईत कुणी.

स्वरूपचं कोपर परत लाल झालंय. मगाशी इचारत व्हता, आपली नळी कवा येणार. म्या त्याचे हात धरून बसले. आई चार दिस माझ्याशी बोलली न्हाई. आज काकू, माझ्यापायी स्वरूपचं औषध गेलं म्हणत रडत आली, तर आईनं तिला च्या दिला आन म्हणली, पोरीनं केलं ते बराबर केलं. माझ्याकडं बघून न्हाई म्हणली, पर मला ऐकू यील आसं म्हणली.

तुमी असंच लिव्हत जावा.
शिवानी

शेजारच्या गेनबातात्याच्या म्हशीला जुळं झालंय, दोन्ही रेड्या.