शत्रूचा चेंडू

८ जून
ठरलं. या रविवारी शिकागोच्या रिग्ली फील्डवरून, आमच्या बेसबॉलच्या मैदानावरून, चेंडू घेऊनच यायचं. तीस वर्षं तिथल्या उघड्या बाकांवर बूड भाजून घेतोय आणि हाती काही नाही. चेस्टरला, म्हणजे माझ्या बायकोच्या, बर्निसच्या भावाला, पहिल्याच वर्षी मिळाला. काचेच्या पेटीत ठेवलाय. कोणी आलं की बिअरच्या आधी पेटी बाहेर. यात नशीब वगैरे काही नाही. चेंडू आमच्याकडे आला की हा नेमका माझ्यापुढे उभा राहून पँट वर ओढतो.

१० जून
अडचण एकच. पाहुण्या संघाने होमरन मारून थेट प्रेक्षकांत धाडलेला चेंडू झेलला तर तो तिथल्या तिथे मैदानात परत फेकावा लागतो. शत्रूचा चेंडू घरी न्यायचा नाही, ही आमच्या बाकांची रीत. आणि हल्ली होमरन मारतात ते पाहुणेच.

उपाय सापडला. खिशात जुना चेंडू न्यायचा, तो फेकायचा, खरा ठेवायचा. आमच्या कुत्रीचा, मफिनचा, चेंडू उचलला. दातांच्या खुणा आहेत, पण लांबून कोणाला दिसणार?

१२ जून
आरशासमोर सराव. खरा डाव्या खिशात, खोटा उजव्यातून बाहेर. बर्निसने दारातून विचारलं, कंबर धरलीय का. हिला संशय आलाय. भावाशी फोनवर बोलताना हल्ली आवाज खाली आणते.

१४ जून, संध्याकाळ
मिळाला.

सहावा डाव. पाहुण्यांच्या, सेंट लुइसच्या कोणा दांडगोबाने मारलेला सरळ आमच्यावर. चेस्टरचा हात पँटकडे गेला, तेवढ्यात त्याला कोपराने ढकलून मी झेलला. लगेच चहूबाजूंनी "फेक, फेक" सुरू. मागची बाई म्हणाली, "काय रे टकल्या, अंडं उबवतोस का?" मला घाम फुटला. चेंडू खिशात कोंबला, खिसे चाचपले, एक काढला नि फेकला. अख्खी बाकं उभी राहिली. चेस्टरने मिठी मारली. म्हणाला, "नॉर्बी, मला वाटलं होतं तू ढापणार." डोळ्यांत पाणी. नाटकी मेला.

घरी येताच चेंडू कपाटात, काचेमागे.

१५ जून
चेंडूवर खोल खुणा आहेत. बॅटचा मार म्हणजे काय, हे टीव्हीवर बघून कळत नाही.

मफिन कपाटासमोरून हलत नाही. चेस्टरने तिला फितवलंय.

१७ जून
चेस्टर आला, पेटी घेऊन. म्हणाला, "तू सगळ्यांसमोर फेकलास. मला नसतं जमलं. हा तू ठेव." पेटीत त्याचा चेंडू. कारण नसताना हा माणूस मला कधी टूथपिकही देत नाही. चेंडू खोटा असणार, नाहीतर माझ्या चेंडूवर डोळा असणार. मी साफ नाही म्हटलं. पेटी काखेत मारून गेला. बर्निसने जेवताना ताट आपटूनच वाढलं. कट फसला की असंच होतं.

२१ जून
बर्निसने कपाट उघडलं. चेंडू मफिनच्या तोंडाशी धरला. खुणा दातांत बरोबर बसल्या, पडलेल्या दाताची जागासुद्धा. बर्निस म्हणाली, "आता तरी देऊ का तिला?" मी मान हलवली. मफिन चेंडू घेऊन सोफ्याखाली गेली.

म्हणजे खरा मीच फेकला.

चेस्टरला फोन लावला. हवापाण्याचं बोललो, मग पेटीबद्दल सहज विचारलं. म्हणाला, पेटी चर्चच्या सोडतीला दिली, आज सकाळीच कोणीतरी जिंकून नेली.
"तुला नको होता ना?"
नकोच होता, मी म्हणालो.

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. रडू आलं. सोडतीबद्दल मला कोणी काही सांगितलं नाही, हे मात्र लिहून ठेवतो.