ओवा आणायला गेलात तेव्हा

माई,

तुम्ही छोटीच्या धुरीसाठी ओवा आणायला गेलात आणि श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खळगा पडायला लागला. डॉक्टरांनी यावरच लक्ष ठेवायला सांगितलं होतं, म्हणून तुमच्यासाठी न थांबता तिला रिक्षाने अंबरनाथला त्यांच्या दवाखान्यात नेते आहे. घाबरू नका, वेळेवर निघालोय. बरी होईल ती.

तुम्ही पेटवलेली शेगडी मी पाणी ओतून विझवली. यापुढे तिला धुरी द्यायची नाही, ओव्याची नाही आणि धुपाचीही नाही. रागवायचं तर घरी आल्यावर रागवा.

आता कुलूप लावून मागोमाग या. येताना तुमचं मऊ लुगडं आणा. माझ्या कुशीत ती नुसती रडते, झोपते तुमच्या लुगड्यातच.

सुनेत्रा