तळाचा मका

४ सप्टेंबर
आज पुन्हा अंडी कमी! चारशेची तीनशे दहा. कोंबड्या पंख पाडून बसल्यात, खाद्याला चोच लावत नाहीत. हे म्हणतात, "हवा बदललीय." यांचं नेहमीचंच! दाढ दुखली तरी हवा.

५ सप्टेंबर
सहा मेल्या.

६ सप्टेंबर
जनावरांचे डॉक्टर आले. मेलेली एक उघडून दाखवली – यकृत पिवळं पडलेलं. मग कोठीत जाऊन मक्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. वरचा मका छान, तळाचा हिरवट, कुबट. "बुरशी. तिचं विष गेलंय खाद्यात. यातला दाणाही कोंबड्यांना घालू नका."
पोती मीच रचलेली – भिंतीला चिकटवून, खाली फळ्या न टाकता. जमिनीची ओल चढली. माझीच चूक! हे उठून फळ्या शोधायला लागले. तेच जास्त लागलं.

९ सप्टेंबर
नवा मका आला. खाली फळ्या, भिंतीपासून हातभर लांब. हे फळ्या ठोकताना शीळ घालत होते – बेसूर, पण ऐकत बसावंसं वाटलं.
जुनी सहा पोती काही टाकवेनात. दोन दिवस कडक उन्हात वाळवला तो मका, निवडला, पाखडला. वास पार गेला! शेजारी ताईच्या गाईला दिला. "अगं, एवढा कशाला?" म्हणाली बाई, आणि पोती आत ओढलीसुद्धा!

१५ सप्टेंबर
आठवडाभर एकही मेली नाही. हुश्श!

२३ सप्टेंबर
तीनशे ऐंशी!! शेडमध्ये नुसता कलकलाट. कान किटले, पण बरं वाटलं. ताईची दीड वर्षाची नात दुपारभर माझ्या मागे मागे. प्रत्येक अंड्याला "बाळ" म्हणते. हिची आई वैतागते – दुधाशिवाय कशाला तोंड लावत नाही म्हणून. लावेल की! मला तर आज सगळंच गोड वाटतंय.

२४ सप्टेंबर
डॉक्टर सहज डोकावले. "तो मका पुरलात ना?" मी ऐटीत म्हटलं, "छे! वाळवून गाईला घातला." ते ताडकन उठले. उन्हानं वास जातो, विष जात नाही. गाईच्या दुधात उतरतं.
मी अनवाणीच ताईकडे धावले. पोरीच्या तोंडची वाटी हिसकावली. तिनं भोकाड पसरलं.
ताई हसतेय, "अगं, पिऊ दे की तिला! तुझ्या मक्याचंच दूध आहे."