पार्कचा नकाशा कुणाच्या हातचा होता

अप्पा, गेल्या रविवारी आपल्या गल्लीत पार्कवरून सभा झाली. गाड्या उभ्या करायला जागा उरली नाही, तेव्हा पार्कचा पुढचा अर्धा भाग मोकळा करा, असं म्हणणारे एका बाजूला बसले होते आणि झाडांना हात लावू देणार नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. बोलायला उठले नाही. त्या जागेबद्दल माझ्या तोंडून काही निघणं बरं नव्हे, हे तिथे जमलेल्यांपैकी फक्त मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक असावं असं मला आयुष्यभर वाटत आलं, पण तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही.

मी चौदा वर्षांची होते तेव्हा तिथे पार्क नव्हता. उघडं मैदान होतं, पावसाळ्यात चिखलाचं आणि चैत्रात धुळीचं. रस्त्याच्या कडेला एक मोठं करंजाचं झाड, आणि त्याच्याखाली सात-आठ बाया बसायच्या. कुणी कीरै, म्हणजे तमिळमध्ये पालेभाजी, घेऊन, कुणी फुलांचे गजरे, कुणी ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं. मागच्या बाजूला गाई बसायच्या. स्वातंत्र्याला थोडीच वर्षं झाली होती, गावोगाव म्युनिसिपालिट्यांना काहीतरी नवं करून दाखवायचं होतं, आणि या मैदानाचं काय करावं ते गल्लीनं लिहून द्यावं, असं त्यांनी कळवलं. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात, अक्षर चांगलं, भांडणाचा स्वभाव नाही. म्हणून लोकांनी तुम्हाला चिटणीस केलं आणि सभा आपल्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या त्या लांब ओट्यावर भरायला लागल्या.

मी दाराआड उभी राहून ऐकायची. कोपऱ्यावरचा कॉफी हॉटेलवाला म्हणायचा, दुकानांची रांग बांधा, गल्लीत माणसांची ये-जा वाढेल. समोरच्या वकिलांना पार्क हवा होता, पण लोखंडी कुंपणाचा, फाटकाचा, आत रेडिओ लावलेला. "तंजावरला जाऊन बघा," ते म्हणायचे, "संध्याकाळी सभ्य माणसं बसून बातम्या ऐकतात. आपण इथे काय ऐकतो? या बायकांची भांडणं." यावर एकदा कीरै विकणारी म्हातारी रस्त्यावरूनच ओरडली होती, "अय्या, ती भांडणं थांबली तर तुमच्या घरात दुपारच्या डाळीच्या कुट्टूला भाजी कोण देणार? तुमचा रेडिओ?" सगळे हसले होते. तुम्हीही हसलात, आणि मग तिण्णैवरून उतरून तिच्यापाशी गेलात आणि विचारलंत, की तुम्ही बसता कुठे कुठे, आणि कुठल्या वेळी.

पण तुम्ही एकटे गेला नव्हतात. ती तुमच्याबरोबर होती.

पितळेची भांडी ठोकणाऱ्याची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. मागच्या गल्लीत त्यांचं घर. तिथून जाताना हातोड्यांच्या आवाजात आपण काय बोलतो ते आपल्यालाच ऐकू यायचं नाही. तिच्या वहीत तुम्ही एकदा घागरीचं चित्र बघितलंत आणि तो कागद घेऊन थेट आपल्या स्वयंपाकघरात आलात. आई डांगर कालवत होती. "बघ गे," तुम्ही तिला म्हणालात, "या मुलीला ठोकलेल्या जागा दिसतात. आपल्या मुलीला नुसती घागर दिसते." मी तिथेच पाटावर बसले होते. तुम्ही ते माझा अपमान करायला म्हटलं नव्हतं, मी तिथे आहे हे तुमच्या लक्षातच नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं. त्याच आठवड्यात मी तुम्हाला आंब्याचं चित्र काढून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, "हा आंबा तू आठवून काढलास. समोर ठेवून काढ." तेवढंच. मी समोर ठेवूनच काढला होता, अप्पा.

मग ती रोज संध्याकाळी येऊ लागली. तुम्ही दोघं दोरी घेऊन मैदान मोजायचात. ती खडूनं दगडांवर खुणा करायची. एके दिवशी सकाळी नऊला, बाराला, मग चारला असं तिनं जाऊन करंजाची सावली कुठे पडते ते बघितलं आणि प्रत्येक वेळी सावलीच्या कडेनं खडे मांडले. बायका सावलीबरोबर सरकत असतात, हे आपण जन्मभर बघत होतो. ते मांडून दाखवायचं तिला सुचलं. तिच्या नकाशात मागे पार्क होता, बाकं होती, मुलांना खेळायला वाळू होती, आणि रस्त्याच्या बाजूला कुंपणाऐवजी झाडाभोवती वळणारा एक बुटका दगडी ओटा, त्या सावलीच्या मापाचा. बायका तिथे बसतील, आणि ज्याला आत जायचं तो त्यांच्यामधून आत जाईल. तुम्ही तो कागद उजेडात धरून त्या ओट्याच्या रेषेवरून बोट फिरवलंत. मी तुमचा चेहरा बघत होते. तसा चेहरा मी माझ्यासाठी कधी बघितला नव्हता, आणि माझी बारा हात लांब रांगोळी शाळेत पहिली आली तेव्हाही बघितला नव्हता.

एकदा ती उन्हातून आली तेव्हा तुम्ही तिला कॉफी द्यायला सांगितलीत. आईनं परसातल्या फळीवरचा वेगळा पेला उचलला. तुम्ही आईच्या हातातून कॉफी घेतलीत, तुमच्या स्वतःच्या डबऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या त्या पितळी वाटीत ओतलीत, वरून खाली, खालून वर अशी फेसाळलीत, आणि त्या मुलीसमोर ठेवलीत. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मला बाटण्याबिटण्याचं काही नव्हतं. मला एवढंच वाटलं, की त्या डबऱ्याला मला कधी हात लावू दिला नव्हता. तुमच्या कॉलेजच्या दिवसांतला लाकडी गुण्या तुम्ही तिला दिलात, तेव्हा मी परसात जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसले आणि तिचा हात मोडावा अशी प्रार्थना केली. उजवा.

नकाशा सगळ्यांना दाखवायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला जवळ बोलावलंत. "हे काम तिचं आहे," म्हणालात, "पण कागद मंजूर होऊन जाईपर्यंत तिचं नाव निघायला नको. तिच्या बापानंच हात जोडून सांगितलंय. कळलं ना गे?" मी मान हलवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही मला काहीतरी सोपवलं होतं, आणि तेही तिच्याबद्दलचंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिण्णैवर सगळे खूश झाले. हॉटेलवाल्यानं दुकानांचा हट्ट सोडला. वकीलसुद्धा म्हणाले, की ओटा जरा देखणा करा, मग माझी हरकत नाही. सह्या सुरू झाल्या. उरलेल्या सह्या पुढच्या बैठकीत व्हायच्या होत्या.

मधल्या एका दुपारी आईनं मला वकिलांच्या घरी पातेलं परत द्यायला पाठवलं. ते झोपाळ्यावर बसून पान लावत होते. "तुझ्या अप्पांच्या हातात जादू आहे हो," ते म्हणाले. "सावलीसुद्धा मोजली त्यांनी!" मी पातेलं खाली ठेवलं. निघून जायचं होतं. पण मी म्हणाले, "तो अप्पांचा हात नाही."

"मग कुणाचा?"

"भांडीवाल्याच्या मुलीचा. सगळं तिनंच ठरवलंय. अप्पांनी नुसता होकार दिला."

शेवटचं वाक्य खोटं होतं. तुम्ही तिच्याबरोबर किती संध्याकाळी उन्हात उभे होतात, हे माझ्याइतकं कुणी मोजलं नव्हतं. वकील पान लावायचे थांबले. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, अप्पा. घरी येताना मी उड्या मारत आले.

पुढच्या बैठकीत वकिलांनी सगळ्यांसमोर विचारलं. "मास्तर, एक खुलासा करा. हा नकाशा तुम्ही काढलात ना?" त्यांनी तुम्हाला वाट ठेवली होती. नुसतं हो म्हटलं असतंत तरी कागद पुढे गेला असता. ती तेव्हा रस्त्यापलीकडे, बापाच्या मागे उभी होती आणि मान हलवून तुम्हाला नको, नको म्हणत होती. तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि उठून उभे राहिलात.

"नाही," तुम्ही म्हणालात. "यातली प्रत्येक रेष तिची आहे. मी फक्त दोरीचं टोक धरलं."

"म्हणजे आमच्या घरासमोर काय असावं, ते हातोडेवाल्यांची पोर ठरवणार?"

"तिनं ठरवलं नाही. तिनं बघितलं. आपण कुणी बघितलं नव्हतं."

सह्या खोडल्या गेल्या, तुमच्यादेखत. तुम्ही चिटणीसपद सोडलंत. पुढच्या वर्षी पार्क झाला, वकिलांना हवा तसा. लोखंडी कुंपण, फाटक, खांबावर रेडिओ. बायका मोठ्या रस्त्याला उन्हात जाऊन बसल्या आणि कीरैवाली म्हातारी काही दिवसांनी यायचीच बंद झाली. साक्कोट्टैला मुलीकडे गेली म्हणाले. संध्याकाळी सगळी गल्ली बातम्या ऐकायला जमायची आणि तुम्ही नदीवर जायला मागच्या गल्लीतून, हातोड्यांच्या आवाजातून, लांबचा रस्ता घ्यायचात.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी बसले होते. तुम्ही पाणी प्यायला आलात. "वकिलांच्या घरी गेली होतीस का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "नाही." पातेलं आईनं माझ्याच हाती पाठवलं होतं, आणि आई तिथेच उभी होती. तुम्ही तिच्याकडे बघितलं नाहीत. "बरं," म्हणालात, तांब्या पालथा ठेवलात आणि शाळेत गेलात. त्या दिवसापासून तुम्ही त्या मुलीला घरी आणलं नाहीत, शाळा सुटल्यावर तिथेच शिकवत राहिलात. लोकांना वाटलं, तुम्ही लोकांना भ्यायलात. मला कळत होतं की तुम्ही तिला माझ्यापासून दूर ठेवताय.

मी रडायला हवं होतं. पण मला आठवतं ते वेगळंच आहे. तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहून तिच्यासाठी हरलात, आणि मला त्या हरण्याचाही हेवा वाटला. माझ्यासाठी तुम्ही कधी काही हरला नव्हतात. मला मिळालं ते सगळं आपसूक मिळालं: जेवण, शाळा, दिवाळीचं परकर-पोलकं, वेळेवर लग्न. ती तुमच्या चिठ्ठीवर तिरुचीला शिकायला गेली आणि सरकारी खात्यात नकाशे काढायला लागली. मी मद्रासला संसार केला, आणि नवरा गेल्यावर इथे परत आले. तीही निवृत्त होऊन परत आली आहे. आपल्या घरापासून दोन गल्ल्या.

तुमच्या शेवटच्या आजारात तुम्ही तिला कळवायला सांगितलंत. मी पोस्टकार्ड लिहिलं आणि चार दिवस तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. पाचव्या दिवशी टाकलं. ती पोचली तेव्हा दहावासुद्धा होऊन गेला होता.

रविवारच्या सभेत ती बोलली. केस पांढरे, आवाज तसाच बारीक. आधी दिवसभर जाऊन बघा कोण कधी बसतं, मग ठरवा, असं म्हणाली. तरुण मुलं तिचं ऐकत होती, एकानं तर लिहून घेतलं. सभा संपल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं शाळेतल्यासारखंच तुम्हाला सार, म्हणजे सर, म्हणत विचारलं, "एक विचारू? सार शेवटी माझी आठवण काढायचे का?"

तुम्ही तीनदा विचारलं होतंत, ती आली का. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा तुम्हाला धड बोलताही येत नव्हतं.

मी म्हणाले, "शेवटी ते कुणालाच ओळखत नव्हते." तिनं मान हलवली, माझा हात जरासा दाबला, आणि मला आपल्या घरापर्यंत सोडायला आली.

हे सगळं खरं तर तिला लिहायला हवं. दोन गल्ल्या चालत जाऊन दारात ठेवलं तरी पोचेल. पण मी ते आपल्या घरातल्या भाषेत लिहिलंय, अप्पा. सवयीनं नव्हे; पत्रं मी एरवी तमिळमध्येच लिहिते. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून.