आपली रेडिओ शाळेत बोलली

ती. ताई,

तुझ्या एकुलत्या एका भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अर्धाच वाकलो आहे, उरलेला अर्धा प्रत्यक्ष भेटीत.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली म्हणून तू आता फक्त उतरतेस, असं मागे ऐकलं. जप. आम्ही तिघं ठीक. तुझी भावजय हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळते आणि मी त्याच हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धुतो. आजारी माणसं तिच्याकडे, त्यांचे डाग माझ्याकडे, अशी कामाची वाटणी आहे. धुलाईची यंत्रं खोलीएवढी मोठी आणि आवाज असा की दिवसभर कुणी कुणाशी बोलूच शकत नाही. इथल्या परक्या भाषेत माझ्यासारख्या कच्च्या माणसाला याहून चांगली नोकरी कुठे मिळणार?

पत्रास कारण तुझी भाची. तिचं 'रेडिओ' हे नाव तूच ठेवलंस, कारण तिकडे असताना डोळे उघडल्यापासून तिचं प्रक्षेपण सुरू व्हायचं आणि बटण कुठे आहे ते आपल्यापैकी कुणालाच सापडलं नव्हतं. आता ऐक. इथल्या शाळेत जायला लागून पाच महिने झाले आणि त्या पाच महिन्यांत या मुलीनं वर्गात एक शब्द उच्चारला नाही. एक नाही. घरी सगळं व्यवस्थित चालू. शाळेचं फाटक आलं की बंद. हजेरीला हात वर. तहान लागली की पेला वर. बाईंना वाटलं, हिला ऐकू येत नसावं. त्यांनी कान तपासून घेतले. कानाला यंत्र लावून, आवाज आला की बटण दाब म्हणाले, तर तिनं सगळ्या वेळी बटण दाबलं, शिवाय शेजारच्या खोलीत फोन वाजला तेव्हाही दाबलं. कान उत्तम निघाले. आम्हाला वाईटही वाटलं आणि अभिमानही.

मग शाळेकडून एक चिठ्ठी आली. तुझी भावजय ड्यूटीवर होती, म्हणून मी ती खिशात घालून कामावर नेली आणि आमच्या मुकादमबाईंना दाखवली. (बाई दाराएवढ्या आहेत आणि मनानं दाराहून मोठ्या.) त्यांनी चिठ्ठी वाचली, चेहरा पाडला आणि यंत्रांच्या आवाजात मला समजावं म्हणून हाताचा पंजा छातीपाशी धरून हळूहळू गुडघ्यापर्यंत खाली नेला. मला वाटलं, मुलीच्या उंचीबद्दल तक्रार आहे. घरी येऊन मी तिला दाराच्या चौकटीला उभी करून मोजली, तर आल्यापासून दोन बोटं वाढलेली! मी चौकटीवर रेघ मारली, तारीख घातली आणि शाळेला जाब विचारायची तयारी केली. संध्याकाळी भावजय आली, तिनं चिठ्ठी वाचली आणि मटकन खाली बसली. मुलीला दोन इयत्ता मागे, अगदी लहान मुलांत बसवायचा विचार होता. पालकांनी भेटायला यावं, असं शेवटी लिहिलं होतं.

भेटीच्या दिवशी भावजयीला सुट्टी मिळाली नाही. म्हणजे पालक मी. दोन रात्री मी आरशासमोर उभा राहून वाक्यं पाठ केली. रेडिओ पलंगावर बसून ऐकत होती आणि मधूनमधून उशीत तोंड खुपसत होती. मला वाटलं, बिचारी रडते आहे. वर्गात गेलो तर बसायला खुर्ची मुलांच्या मापाची. बसलो, म्हणजे अडकलो. शेजारी रेडिओ, समोर बाई. बाई तरुण, दमलेल्या, पण चेहरा गोड. त्या सावकाश, मोठ्यानं बोलत होत्या, तरी माझी पाठ केलेली सगळी वाक्यं डोक्यातून पसार झाली. उरले फक्त धुलाईतले शब्द. मला म्हणायचं होतं की मुलगी अजून नवी आहे, थोडा वेळ द्या, रुळेल. 'नवी' सापडेना, 'रुळेल' तर कधी शिकलोच नव्हतो. शेवटी सगळा जीव गोळा करून मी त्यांच्या भाषेत म्हणालो, "मुलगी ओली आहे. वेळ द्या. वाळेल."

बाईंनी आधी रेडिओकडे पाहिलं, मग वाकून तिच्या खुर्चीखाली पाहिलं. मग उठल्या, कपाट उघडलं आणि लहान मुलांसाठी ठेवलेली जादा पँट काढून आणली.

ताई, रेडिओ कानापर्यंत लाल झाली. उठून उभी राहिली आणि त्या परक्या भाषेत, एका दमात, एवढं मोठं वाक्य बोलली की मला त्यातलं फक्त 'बाबा' आणि 'नाही' कळलं. (नंतर तिनं अर्थ सांगितला: "मी ओली नाही, मी नवीन आहे, माझ्या बाबांना फक्त कपड्यांचे शब्द येतात.") बाई हातात पँट घेऊन तशाच टेबलावर टेकल्या. त्यांनी काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं. आणखी विचारलं, आणखी दिलं. मग धरणाचा दरवाजा उघडावा तसं झालं. बाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि पुसायला ती पँटच वापरत होत्या. मी अडकलेल्या खुर्चीत मान हलवत बसलो होतो. दोन इयत्ता मागे घालायचं तिथल्या तिथे रद्द झालं.

घरी चालत येताना मी तिला विचारलं, अगं, एवढं येत होतं तर पाच महिने गप्प का होतीस? म्हणाली, "मी मनात जुळवत होते. पूर्ण बरोबर आलं की बोलणार होते. चुकलं तर सगळे हसले असते ना."

"मग आज?"

"आज तू केवढं चुकलास, बाबा! आणि बाई हसल्या नाहीत. पँट आणायला गेल्या."

मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं आणि उगाचच भरभर चालायला लागलो.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. दुसऱ्याच दिवशी तिनं वर्गात 'खिडकी उघडू का' ऐवजी 'खिडकी खाऊ का' असं विचारलं. वर्ग खो-खो हसला. घरी येऊन दप्तर फेकलं, उद्यापासून जाणार नाही म्हणाली, जेवलीही नाही. आम्ही दोघं हवालदिल. पण सकाळी गेली, आणि परत आली ती हातात कागद घेऊन. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं तिला चित्र काढून दिलं होतं: एक खिडकी, आणि तिच्या कोपऱ्याचा चावा घेतलेला. तेव्हापासून त्या दोघींचं गूळपीठ आहे. चित्र आम्ही फ्रिजवर चिकटवलंय. कालच बाईंची नवी चिठ्ठी आली आहे: मुलगी वर्गात फार बोलते.

तब्येतीची काळजी घे. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
धाकटा

ता. क. : भावजयीनं पत्र वाचलं. ती म्हणते, भेटीनंतर शाळेच्या व्हरांड्यात मी भिंतीकडे तोंड करून रडलो आणि सफाईवाल्यानं मला पाणी आणून दिलं, हे मी लपवलंय. रेडिओनं घरी येऊन चहाडी केली, दुसरं काय. पाणी त्यानं आपणहून दिलं. मी मागितलं नव्हतं.

दुसरा ता. क. : ताई, आता खरं सांगतो. मागच्या महिन्यात फोनवर मी 'तिला इथे करमत नाही' एवढंच सांगितलं आणि आपलं ठरलं की सुट्टी लागली की रेडिओला तुझ्याकडे पाठवायची आणि तिकडच्याच शाळेत घालायची. तू हेडमास्तरांना भेटलीस, गणवेश शिवून घेतलास, तिच्यासाठी मागची खोली रंगवलीस. ती येणार नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली, कारण आधी तुला हसवावं आणि मग सांगावं, असा माझा भित्रा बेत होता. गणवेश एखाद्या गरजू मुलीला दे. माझ्यावर राग धर, हक्कानं धर, फक्त फार दिवस धरू नकोस.

तिसरा ता. क. : ती तिकडे येत नाही, तर सुट्टीत तू ये. चार-सहा महिने राहा. रेडिओनं तिच्या कपाटाचा वरचा खण तुझ्या साड्यांसाठी रिकामा केलाय आणि मला रोज विचारते की आत्याला किती साड्या आहेत. तू आधी नाही म्हणशील, ते मला माहीत आहे. एकदा 'नाही' म्हणून घे. मग तारीख कळव.