दुसरी हाक

३ नोव्हेंबर
एकदाची कोंढ्याला पोचले. क्लास सडकेवरच, मागे लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं. मालक भैय्यालालजी गमतीदार माणूस. माझी बॅग स्वतः उतरवली आणि वर म्हणाले, गुंजन मॅडम, नागपूरवाले इथं टिकत नाहीत, तुम्ही टिकून दाखवा. काम आवडलं: कॉम्प्युटरचे धडे स्क्रीन रेकॉर्ड करून आसगाव-पवनीच्या पोरांना मोबाइलवर पाठवायचे. आधीच्या चंद्रकांता मॅडम घसा बसला म्हणून सोडून गेल्या म्हणे. खोली क्लासच्याच वर, मनकर्णाबाईंकडे. आईशी फोनवर पोटभर बोलले. एकटी आहे ती, तिला लवकर इकडे आणायचं.

६ नोव्हेंबर
पहिला धडा वाया. माइक चालू राहिला आणि माझ्यापेक्षा बांधीतली धान चुरायची, मळणीची मशीनच जास्त बोलली. मग माइक बंद केला, फक्त कॉम्प्युटरचा आवाज घ्यायचा असं सेटिंग केलं. आता कॉम्प्युटर जे वाजवेल तेवढंच येणार, बाहेरचं काही नाही. माझं बोलणं नंतर वेगळं जोडते. झकास जमलं.

जेवताना मनकर्णाबाईंनी बजावलं. बांधीतून कोणी नाव घेऊन बलावलं तं एका हाकेवर ओ देऊ नको बेटा. मानूस असन तं आणखी बलावन. ते एकदाच बलावते. मी म्हटलं, माझी आई तर दहादा बोलावते. खूप हसल्या.

९ नोव्हेंबर
धडा तपासत होते. मधेच बाईचा आवाज, गुंजन. माइक बंदच होता. नीट ऐकावं म्हणून मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा गुंजन. माझ्या तोंडून आपसूक ओ गेली.

पोळी खाताना लक्षात आलं. ते एकदाच बोलावतं. दुसऱ्यांदा मीच बोलावायला लावलं.

११ नोव्हेंबर
भैय्यालालजींनी ती हाक ऐकली. चंद्रकांता मॅडमचा आवाज त्यांनी लगेच ओळखला. जुनी फाइल मिसळली असन, म्हणाले. पण आजच्या धड्यात हाक नाही, ओ आहे. माझी. माइक बंद.

पोरं म्हणतात, मॅडम, जोरात बोला. मी जोरातच बोलते.

१४ नोव्हेंबर
आवाज गेला. दुखत नाही. पवनीच्या डॉक्टरांनी टॉर्चनं घसा पाहिला, काही नाही म्हणाले. आता याच वहीत लिहून सगळ्यांना दाखवते. भीती वाटायला हवी. वाटत नाही. भाजी चिरते, कपडे वाळत घालते.

चंद्रकांता मॅडमला मेसेज केला. उत्तर आलं. नऊ तारखेला माझा आवाज परत आला, तू ओ दिली असशील, मला माफ कर.

१५ नोव्हेंबर
फोनवर मी बोलत नाही म्हणून आई घाबरली. उद्या येते म्हणते. नको येऊ, लिहिलं. ऐकणार नाही.

फाइली पुसल्या. नवी केली. आता त्यात ओ नाही. माझ्या आवाजात हाक आहे. आई.

१६ नोव्हेंबर
आई खाली क्लासमध्ये माझ्यासमोर बसली आहे. भैय्यालालजी तिला कौतुकानं माझा धडा दाखवताहेत. मी हात जोडले, मान हलवली. त्यांना वाटतं लाजते —

वायर ओढली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच —

वाजलं. आई. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले. तिनं अजून ओ दिली नाही —

भैय्यालालजी म्हणताहेत, थांबा, पुन्हा लावतो —

वहीत लिहिलंय. आई, ओ देऊ नको. वही फक्त तिच्याकडे वळवायची. माझ्याच्यानं वळवत नाही. चंद्रकांता मॅडमचा आवाज परत आला. परत येतो —

वळवली नाही अजून —

दुसऱ्या हाकेला आईनं ओ दिली. घशात काहीतरी हललं. आ