लाल झालेली हळद

मेहकर, वैशाख शुद्ध नवमी, संध्याकाळ

हात अजून पिवळेच आहेत, तरी आधी लिहून ठेवते. माझ्या बहिणीच्या मुलीचं, सुमनचं, लग्न आज मोडता मोडता वाचलं.

नवऱ्या मुलाचे काका पवित्र म्हणून लोणारच्या तळ्याचं घागरभर पाणी घेऊन आले. ते वाटीत घेऊन हळद कालवली आणि ती लालभडक झाली! काका ओरडले, "हे रगत हाय! तळ्यावरच्या देवीले ही पोरगी मान्य नाही. चला, उठा." सुमन त्या लाल वाटीकडे बघतच राहिली.

मी मुलींच्या शाळेत शिकवते, पण लग्नघरात पुस्तकातलं कोण ऐकणार? मी घरातला पापडखार आमच्या विहिरीच्या पाण्यात घातला आणि चिमूटभर हळद टाकली. तीही तशीच लाल झाली. "तळ्याच्या पाण्यातही असाच खार आहे," मी म्हणाले. मग काकांच्या वाटीत लिंबू पिळलं. रंग परतलाच नसता तर? पण हळद फसफसली आणि सगळ्यांदेखत पिवळी झाली!

नवऱ्या मुलाची आईच पुढे आली. "हळदीच्या लुगड्याले साबण लावला का ते लाल होते. मले काऊन नाही आठवलं?" असं म्हणत तिने त्याच वाटीतली हळद सुमनच्या गालांना लावली.

वाजंत्री सुरू झाली, तसे काका हळूच माझ्याजवळ आले. "मास्तरीणबाई, ते लिंबू मले एकदा पिळू द्या ना."